हिवाळी सहल : मागे कोण राहते ते आधी पाहा

दिवाळी आटोपली, पहाटे चादर अंगावर ओढून घ्यावीशी वाटू लागली की चाळीचाळींतून आणि वस्त्यावस्त्यांतून सहलीचा विषय निघतो. खरे तर तेव्हा फार उशीर झालेला असतो. चाळीस माणसांना घेऊन दोन दिवस परगावी जायचे म्हणजे एका लहानशा लग्नाइतकी तयारी लागते. ती तयारी ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाली तर डिसेंबरात सहल सुखाची होते, असा आमचा अनुभव आहे.

सहल ही पैसेवाल्यांची चैन आहे, आपल्याला कशाला हवी, असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. आम्हाला हे पटत नाही. बारा महिने कारखाना, कचेरी, मोलकरणीचे काम, हमाली आणि घर एवढ्यातच ज्यांचे आयुष्य जाते, त्यांना दोन दिवस मोकळ्या हवेत फिरण्याचा हक्क इतरांपेक्षा जास्तच आहे. मुलांनी पुस्तकात वाचलेली लेणी डोळ्यांनी पाहणे हेही शिक्षणच आहे. परंतु सहल कशी आखावी याचा विचार मात्र आपण करत नाही. चार उत्साही तरुण जमतात, बस ठरवतात, ज्यांना परवडते ते जातात आणि उरलेले दारात उभे राहून हात हलवतात. अशी सहल वस्तीला जोडत नाही. उलट कोण गेले आणि कोण राहिले, यावरून वर्षभर मनात अढी राहते.

पहिली यादी न येणाऱ्यांची

म्हणून आमचे सांगणे असे की विहारात सहलीची पहिली बैठक होईल तेव्हा येणाऱ्यांची यादी करू नका. न येणाऱ्यांची करा. हात वर करणारे आपणहून येणारच आहेत. गप्प बसलेल्यांच्या घरी दोघांनी जाऊन विचारायला हवे. अशा घरांतून साधारणपणे पाच कारणे पुढे येतात. एक, पैसा. दोन, रजा. वॉचमनची सुट्टी मंगळवारी असते, रुग्णालयातल्या आयाची पाळी बदलत नाही, घरकाम करणाऱ्या बाईने खाडा केला की पगार कापला जातो. तीन, गुडघे, दमा, साखर. चार, घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेले असते. आणि पाच, जे कोणी तोंडाने बोलत नाही, ते म्हणजे अंगावर घालायला बरे लुगडे किंवा स्वेटर नसणे.

ही पाच कारणे एका कागदावर लिहून काढली की सहलीचा निम्मा आराखडा तयार होतो. गाव कोणते, दिवस कोणता, गाडी कोणती, वर्गणी किती, हे सारे त्या कागदाला विचारून ठरवावे.

गाव कोणते निवडावे

मुंबई-ठाण्याच्या मंडळींसाठी आम्ही छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे उदाहरण घेतो. मुंबईहून रेल्वेने हे शहर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने शुक्रवारी कामावरून येऊन निघता येते आणि पहाटे उतरता येते. रविवारी रात्री त्याच गाडीने परत निघाले की सोमवारी सकाळी मुंबई. म्हणजे ज्याला रविवारची सुट्टी आहे त्याचा एकच खाडा पडतो. लहान मुले, वृद्ध आणि सोमवारी लवकर पाळी असणारे यांनी हवे तर रविवारी दुपारच्या तपोवन एक्सप्रेसने पुढे निघावे. ती रात्री मुंबईला पोचते आणि घरी झोप मिळते.

या वाटेने आपल्या आधी एक मोठी सहल जाऊन आली आहे. १९३४ साली चळवळीतील काही सहकाऱ्यांनी सहलीला जाण्याची इच्छा बोलून दाखवली. बाबासाहेब बरोबर येणार असतील तरच जायचे असे त्यांचे म्हणणे होते. वेरूळची लेणी पाहायचे नक्की झाले. सुमारे तीस माणसे मोटारबसने नाशिकहून औरंगाबादकडे निघाली. तो भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपण कोण हे वाटेत कोणाला कळू नये, म्हणून गाजावाजा न करता जायचे असेही ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्याबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी त्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. ही मंडळी किल्ल्याच्या दारात पोचतात तोच एक वृद्ध मुसलमान गृहस्थ हौद बाटवला म्हणून ओरडत मागून आले. जमाव जमला. शिवीगाळ झाली. अखेर आत कोठेही पाण्याला हात लावू नये म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला पाहू दिला गेला. अस्पृश्यता ही केवळ एका धर्माच्या माणसांनी पाळलेली गोष्ट नव्हती, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ही हकीकत लिहून ठेवली आहे.

पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्याबरोबर विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट हेही शब्द आहेत. दौलताबादला मुलांना घेऊन जाल तेव्हा ही हकीकत किल्ल्याच्या दाराशी थांबून सांगा.

दिवस कोणते टाळावेत

थंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते, पण सगळेच शनिवार-रविवार सारखे नसतात. ६ डिसेंबरच्या मागेपुढे गाड्या चैत्यभूमीला येणाऱ्या बांधवांनी भरलेल्या असतात आणि आपल्यालाही त्यांची सेवा करायची असते. नाताळपासून १ जानेवारीपर्यंत मुक्कामाचे दर चढतात, आणि १ जानेवारीला आपली बरीच मंडळी भीमा-कोरेगावला असतात. १४ जानेवारीला नामविस्तार दिनानिमित्त विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी लोटणारी गर्दी पाहण्यासारखी असते, परंतु त्या दिवशी चाळीस माणसांना मुक्कामाची जागा मिळणे कठीण असते. म्हणून डिसेंबरचा दुसरा-तिसरा किंवा जानेवारीचा तिसरा आठवडा बरा. मुलांच्या परीक्षांचे वेळापत्रक शाळेतून आधी आणून पाहावे.

आणखी एक गोष्ट. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. शनिवार-रविवारी दोन्ही उघडी असली तरी अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटरवर आहे. आजीला आणि लहानग्यांना घेऊन दोन दिवसांत दोन्ही ठिकाणे उरकण्याचा हट्ट करू नये. अजिंठा पुढच्या वर्षासाठी ठेवावा.

पैसा कसा उभा करावा

आम्ही कॉमर्सचे असल्याने जरा आकडेमोड करू. समजा, एकूण चाळीस माणसे निघाली. त्यात तीस मोठी आणि पाच ते बारा वर्षांची दहा मुले आहेत. मोठ्याचा एक भाग आणि मुलाचा अर्धा भाग धरला तर पस्तीस भाग होतात. आता खर्चाचा अंदाज असा धरू : रेल्वे २०,००० रुपये, तेथील बस १०,०००, मुक्काम ५,०००, जेवण व नाश्ता १२,०००, प्रवेश तिकिटे व किरकोळ ४,०००. बेरीज ५१,०००. त्यावर अडीअडचणीसाठी ५,००० ठेवले की ५६,००० झाले. पस्तीस भागांनी भागले की एका भागाला १,६०० रुपये येतात. तुमच्या गावाचे आणि त्या दिवसांचे दर घालून हे आकडे बदलून घ्यावेत, रीत मात्र हीच ठेवावी.

सोळाशे रुपये एकदम मागितले तर निम्म्या घरांतून नकार येईल. आठवड्याला शंभर रुपयेप्रमाणे सोळा आठवडे मागितले तर नकार कमी येतात. भिशी चालवणाऱ्या आपल्या मायबहिणींना हे सांगायला नको. दर आठवड्याला ३,५०० रुपये जमतात. आठ आठवड्यांनी २८,००० होतात. नेमके त्याच सुमारास रेल्वेचे आरक्षण उघडते, कारण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधीच तिकीट काढता येते. पूर्वी ही मुदत एकशे वीस दिवसांची होती. म्हणजे जमलेल्या पैशांतून जाण्यायेण्याची तिकिटे निघून मुक्कामाचा व बसचा विसार द्यायला आठ हजार उरतात. कोणाकडून उसने घ्यावे लागत नाही.

ज्यांना शंभर रुपयेही जड आहेत त्यांचे काय? त्यांची नावे बैठकीत कधीही घेऊ नयेत. ज्याची ऐपत आहे त्याने आपल्या भागाव्यतिरिक्त जे द्यायचे ते खजिनदाराच्या हातात गुपचूप द्यावे. वहीत 'सहाय्य जमा' आणि 'सहाय्य खर्च' एवढेच लिहावे. देणाऱ्याचे नाव नको आणि घेणाऱ्याचेही नको. मदत घेऊन आलेल्या बाईला बसमध्ये शेवटचे आसन मिळाले, तर ती मदत झाली नाही.

जमाखर्चाची वही दोघांच्या सह्यांनी चालावी. दर रविवारी किती जमा झाले ते विहाराच्या फलकावर लिहावे. प्रत्येक पावती वहीत चिकटवावी. आपल्या समाजात चांगली कामे पैशांच्या संशयावरून मोडलेली आम्ही पाहिली आहेत. माणूस प्रामाणिक असतो, पण कागद नसतो, आणि मग त्याला तोंड दाखवणे कठीण होते. कार्यकर्त्याची अब्रू राखायची असेल तर हिशेब उघडा ठेवावा.

तिकिटांची काळजी

रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच माणसे बसतात. चाळीस माणसांची किमान सात तिकिटे होतात. एकच माणूस सगळी तिकिटे काढू पाहील तर त्याची धावपळ होते. दोघातिघांनी आरक्षण उघडण्याच्या दिवशी सकाळीच खिडकीवर जावे. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धे तिकीट लागते, बर्थ हवा असेल तर पूर्ण.

वृद्धांची तिकिटे वेगळी काढावीत. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिला यांच्यासाठी खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात, परंतु एका तिकिटावर एकटा किंवा दोघेच असतील तरच ती सोय मिळते. आजी-आजोबांना सहाजणांच्या तिकिटात घातले की ती हातची जाते आणि मग गुडघे धरून मधल्या बर्थवर चढावे लागते. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये बंद केली, हेही हिशेब करताना ध्यानात असू द्यावे. तिकीट प्रतीक्षा यादीत राहिले तर त्यावर शयनयान डब्यात चढू नये.

शहरातून वेरूळला जायला बस भाड्याने ठरवायची की एस.टी.ने जायचे, याचा हिशेब दोन्हीकडून करावा. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. ज्या गटात बायका आणि वृद्ध अधिक, त्याला एस.टी. फार स्वस्त पडते. मात्र चाळीस माणसे एका गाडीत मावत नाहीत, दहा-दहाच्या तुकड्या कराव्या लागतात. पाय अधू असलेले चार-पाच जण असतील तर भाड्याची बस घेणेच योग्य.

मुक्काम : आधी जाऊन पाहा

चाळीस माणसांसाठी खोल्या घेत बसण्यापेक्षा एखादे सभागृह, मंगल कार्यालय किंवा धर्मशाळा बरी पडते. फोनवर ठरवू नये. एकाने महिनाभर आधी जाऊन पाहून यावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. संडास किती, बायकांचे वेगळे आहेत का, गरम पाणी किती वाजता मिळते, गाद्या-रजया मिळतात का. दहा माणसांमागे एक संडास नसेल तर पहाटे रांग लागते आणि नऊला निघायची बस अकराला निघते.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका शहरात आमच्या मंडळींना तोंडी कबूल केलेली जागा, नावांची यादी हातात पडताच 'भरली' असे सांगण्यात आले. थंडीत बायका-मुले सामानासह रस्त्यावर उभी राहिली. तेव्हापासून विसाराची छापील पावती, तीवर तारीख, माणसांची संख्या आणि मालकाची सही घेतल्याशिवाय आम्ही एक रुपयाही देत नाही. असा प्रसंग कोणावर आलाच तर भांडणात शक्ती घालवू नये. दोन जबाबदार माणसांनी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेल किंवा धर्मशाळा नाकारणे हा गुन्हा आहे. बाकीच्यांनी तोवर मुलांना निवाऱ्याला न्यावे.

दोन दिवसांची आखणी

शनिवारी पहाटे गाडीतून उतरल्यावर लगेच फिरायला निघू नये. मुंबईची थंडी आणि मराठवाड्याची थंडी यांत फरक आहे. तेथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी ऊन चांगलेच लागते. कानटोपी, स्वेटर आणि एक चादर प्रत्येकाच्या हाताशी असावी. ती सामानाच्या तळाशी बांधून ठेवू नये. घरात जुने स्वेटर पडून असतील तर महिना आधी विहारात जमा करावेत आणि धुऊन, बटणे लावून एका पेटीत ठेवावेत. ज्याला लागेल तो घेईल.

गरम चहा, अंघोळ आणि नाश्ता आटोपून नऊला वेरूळ. शहरापासून तीस किलोमीटर. हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात, म्हणून लवकर पोचलेले बरे. तिकीट माणशी चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. एकूण चौतीस लेणी सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. त्यांतली पहिली बारा बौद्ध लेणी. वृद्धांना सगळी दाखवण्याचा आग्रह नको. दहावे चैत्यगृह, बारावे तीन मजली लेणे आणि सोळावे कैलास लेणे एवढे सावकाश पाहिले तरी मन भरते. अकराव्या लेण्याला 'दोन ताल' म्हणतात. त्याचा गाळाखाली दडलेला आणखी एक मजला १८७६ साली सापडला, नाव मात्र तेच राहिले. मुलांना अशी गोष्ट सांगितली की ती मजले मोजू लागतात. परतीच्या वाटेवर दौलताबाद. चढ उभा आहे, म्हणून तरुणांनी वर जावे आणि बाकीच्यांनी खाली उन्हात बसावे.

रविवारी सकाळी शहराजवळची औरंगाबाद लेणी पाहावीत. वेरूळ-अजिंठ्याच्या नावापुढे यांची आठवण कोणाला राहत नाही. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीपुढे गुडघे टेकून बसलेले उपासक-उपासिका माणसाएवढे कोरले आहेत. त्यांचे दागिने, केसांची ठेवण, हात जोडण्याची रीत पाहिली म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची साधी माणसे समोर बसल्यासारखी वाटतात. सातव्या लेण्यात नर्तिका आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. पायऱ्या आहेत, पण थांबत थांबत चढता येतात. तेथून बीबी का मकबरा जवळच आहे.

दुपारी नागसेनवनात जावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय बाबासाहेबांनी तेथे १९५० साली सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या किती खेड्यांतली पहिली पदवी त्या आवारातून गेली असेल! मग विद्यापीठाचे प्रवेशद्वार. १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि नाव प्रत्यक्षात १४ जानेवारी १९९४ ला लागले. मधल्या सोळा वर्षांत काय झाले ते ज्यांनी पाहिले आहे, अशी मंडळी आपल्या वस्तीत अजून आहेत. त्यांनाच बोलू द्यावे. संध्याकाळी पाणचक्की. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरवायचे आणि गोरगरिबांसाठी धान्य दळायचे, ही युक्ती कारखान्यात काम केलेल्या कोणालाही पाहण्यासारखी आहे.

बायकांनाही सुट्टी

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या सहलीत स्टोव्ह, पातेली आणि तांदळाची गोणी बरोबर घेण्याची रीत आहे. त्यात पैसे वाचतात हे खरे. परंतु पुरुष लेणी पाहतात आणि बायका चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापतात, मग सहल कोणाची झाली? त्यांना वेरूळ दिसत नाही, धूर तेवढा दिसतो.

म्हणून गाडीतल्या रात्रीसाठी प्रत्येकाने घरूनच दशम्या, चटणी आणि चिवडा आणावा. तेथील जेवण खाणावळीला किंवा एखाद्या महिला बचत गटाला ताटाप्रमाणे ठरवून द्यावे. बचत गटाला दिले तर दोन पैसे तेथल्या भगिनींच्या हाती जातात. हा खर्च आम्ही वरच्या हिशेबात मुद्दाम धरला आहे. पाण्याचे कॅन, पत्रावळ्या उचलणे, मुलांना संडासला नेणे ही कामे पुरुषांनी पाळीने करावीत आणि त्या पाळ्यांची यादी बसच्या काचेवर लावावी. एकदा यादी लागली की कोणी तोंड फिरवत नाही.

चाळीस जणांचे चार गट करावेत. प्रत्येक गटाला एक ताई आणि एक दादा प्रमुख असावेत. बसमध्ये चढताना प्रत्येक वेळी मोजणी करावी. लहान मुलांच्या खिशात गटप्रमुखाचे नाव व फोन लिहिलेली चिठ्ठी असावी. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या पिशवीत हव्यात, शिवाय त्यांची यादी गटप्रमुखाजवळ असावी. चालण्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावा. मधमाशांसारखे पुढे धावणाऱ्या तरुणांना हे आधीच बजावून ठेवावे.

परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत बैठक घेऊन हिशेब वाचून दाखवावा. अडीअडचणीचे पाच हजार शिल्लक राहिले असतील तर त्यांचे काय करायचे ते सर्वांनी मिळून ठरवावे. आमचे मत विचाराल तर ते पुढच्या वर्षीच्या सहाय्य खात्यात टाकावेत. आणि त्याच बैठकीत एक कागद घेऊन या वर्षी कोण येऊ शकले नाही, कशामुळे आले नाही, ते लिहून ठेवावे. अजिंठ्याची आखणी त्या कागदावरून सुरू करता येईल.